गाडी वेळेवर आली होती

सकाळी सव्वासहाला मोंबासाहून म्झेंचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. म्झे हे त्यांचं नाव नव्हे. स्वाहिलीत वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात, आमच्या कोल्हापुरात ‘अण्णा’ म्हणतात तसं. आमच्या कंपनीचा माल बंदरातून सोडवायचं काम कित्येक वर्षं तेच करत आले होते.

“तुझा डबा सापडला,” ते म्हणाले. डबा म्हणजे मालाचा कंटेनर.

“कुठं?”

“नैरोबीत.”

“नैरोबीत आहे हे मला नऊ दिवसांपासून माहीत आहे, म्झे. नैरोबीत कुठं?”

“ते गेल्यावर कळेल. आज तपासणीला लावलाय, एवढं पक्कं. तू स्वतः जा. माझा तिकडचा पोरगा नवा आहे, त्याला कुणी दारात उभं करत नाही.”

सप्टेंबर २०१९ मधला सोमवार होता. चहा तसाच ठेवून निघालो.

आमचा कारखाना नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात. आम्ही पोशो मिल बनवतो, म्हणजे इथली पिठाची गिरणी. तिच्यात जात्याचे दगड नसतात. आत एक जड चक्र गरगरा फिरतं, त्याला लोंबणारे पोलादी हातोडे मका फोडतात आणि पीठ चाळणीतून खाली पडतं. केनियात मक्याच्या पिठाची उगाली नसेल तर माणूस जेवलो म्हणत नाही, त्यामुळे गावोगाव ही गिरणी लागतेच. पत्रा, अँगल, मोटर इथंच मिळतं. बिडाचे ओतीव भाग मात्र आम्ही शिरोली एमआयडीसीतून आणतो. त्या भावात तसं काम मला इथं कुणी करून दिलेलं नाही. हे गावाच्या अभिमानानं म्हणत नाही. बरं, थोडं अभिमानानंही म्हणतो.

त्या वर्षी हा डबा सुरुवातीपासूनच अडकत आला होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि माल फाउंड्रीच्या शेडमध्ये पडून राहिला. पाणी ओसरल्यावर वीस फुटी डबा भरला, न्हावा शेवाहून जहाजावर चढला. किटाले, एल्डोरेटकडं मक्याची काढणी ऑक्टोबरात सुरू होते. तिकडचे डीलर गिरण्यांसाठी पैसे भरून बसले होते आणि आमच्या शॉपफ्लोअरवर चौदा गिरण्या पोटाविना उभ्या होत्या.

पूर मी समजू शकत होतो. नदीला कोण विचारणार? पण मोंबासात उतरल्यावर जे झालं ते माणसांनी ठरवून केलेलं होतं.

मोंबासा–नैरोबी नव्या रेल्वेला इथं सगळे एसजीआर म्हणतात, म्हणजे स्टँडर्ड गेज रेल्वे. लांबी सुमारे ४७२ किलोमीटर. बांधली चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशननं, चालवायला घेतली तिच्याच पोटातल्या आफ्रिस्टार कंपनीनं, आणि नव्वद टक्के पैसा चीनच्या एक्झिम बँकेचा. २०१४ साली ३२० कोटी डॉलरचं कर्ज झालं. ३१ मे २०१७ ला पहिली प्रवासी गाडी धावली, जानेवारी २०१८ पासून मालगाड्या.

आता, रेल्वे वाईट आहे असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आई इथं आली होती तेव्हा तिला मी मुद्दाम मादाराका एक्स्प्रेसनं मोंबासाला नेलं. बसनं जिथं आठ-नऊ तास अंग मोडून घ्यायचं तिथं पाच तासांत पोहोचलो. त्सावोच्या लाल मातीत हत्तीसुद्धा लाल दिसतात. त्यांना पलीकडं जाता यावं म्हणून रुळांखालून उंच कमानी ठेवल्यात. आईनं खिडकीला नाक लावून हत्ती मोजले आणि स्टेशनावर उतरल्यावर म्हणाली, “संडास स्वच्छ होता रे.” रेल्वेला याहून मोठं प्रशस्तिपत्रक आमच्या घरात नाही.

पण प्रवाशांच्या तिकिटांतून एवढं कर्ज फिटत नसतं. त्यासाठी माल लागतो. ट्रकवाले मोंबासाच्या गेटातून डबा उचलून थेट माझ्या दारात आणून टाकत होते, तेव्हा मी रेल्वेनं कशाला आणू? माझ्यासारखे हजारो आयातदार असंच म्हणणार, हे कर्ज देणाऱ्यालाही ठाऊक होतं. म्हणून २०१४ मध्येच बंदर प्राधिकरणाकडून लिहून घेतलं गेलं की ठरल्याइतका माल रेल्वेला मिळेलच, कमी पडला तर फरक बंदरानं भरायचा. ‘टेक ऑर पे’ म्हणतात त्याला. घ्या नाहीतर भरा. मग माल कमी पडू नये म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये फतवा निघाला: नैरोबी आणि पुढचा सगळा आयात माल रेल्वेनंच जाणार, आणि कस्टमची मंजुरी मोंबासात नाही, नैरोबीत.

मोंबासा पेटलं. ट्रकवाले, क्लिअरिंग एजंट, गोदामवाले दर सोमवारी रस्त्यावर उतरू लागले. ‘ब्लॅक मंडे’ म्हणायचे. आमचे म्झे आयुष्यात कधी मोर्चाला गेले नव्हते. त्या सोमवारी मला फोन केला तेव्हा ते मोर्चाचीच तयारी करत होते, हे नंतर कळलं.

रेल्वेनं आलेले डबे जिथं उतरवतात त्या यार्डाच्या गेटवर मी साडेसातला पोहोचलो. बाहेर ट्रकांची रांग वळणाच्या पलीकडं गेलेली. आत डबे चार-चार मजले रचलेले. पुढचे तीन तास मी एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीकडं फिरत होतो. एका पडद्यावर माझा डबा ‘सी’ ब्लॉकमध्ये दिसत होता, दुसऱ्यावर अजून वॅगनवरच. म्झेंचा पोरगा फायलीचा गठ्ठा छातीशी धरून माझ्यामागून चालत होता. दर खिडकीवर ऐकू यायचं, “पोले साना.” फार वाईट वाटतं, असा त्याचा अर्थ. वाईट वाटण्यानं डबा हलत नाही.

अखेर रीच-स्टॅकर, म्हणजे डबे उचलायचं मशीन, चालवणाऱ्या एका माणसानं कागदावरचा नंबर वाचला आणि बोटानं दाखवलं. तळातला. वर तीन डबे. ते उतरवायला मशीन मोकळं व्हायला हवं, म्हणजे दुपार.

मी गेटबाहेर आलो. पत्र्याच्या टपरीत एक बाई चहा आणि मान्दाझी विकत होती. मान्दाझी म्हणजे गोडसर तळलेली फुगरी पुरी समजा. बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन एक चिनी तरुण बसला होता, पंचविशीतला. त्यानं इतक्या सफाईदार स्वाहिलीत दुसरा चहा मागितला की मला लाज वाटली. मी इथं सात वर्षं होतो आणि माझी स्वाहिली बाजारापुरती.

बोलता बोलता कळलं, तो हुनानचा, मालगाड्यांच्या वेळापत्रकावर काम करतो. मी भारतीय म्हटल्यावर त्यानं विचारलं, “मग जुनी लाइन तुमच्या आजोबांनी बांधली का?”

प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जी रेल्वे टाकली तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर आणले होते, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास कामावरच मेले. तेव्हाही लंडनच्या पार्लमेंटात खर्चावरून रणकंदन झालं होतं, ही कुठून कुठं जाणारी वेड्यांची लाइन म्हणून. त्या काळानं इथल्या भाषेत चपाती ठेवली, दुकानाचं दुका झालं.

“माझे आजोबा पन्हाळ्याच्या पलीकडं गेले नाहीत,” मी म्हटलं. तो हसला.

मग मी माझं गाऱ्हाणं काढलं. डबा, नऊ दिवस, तळातला, वर तीन. त्यानं शांतपणे नंबर मागितला, फोनवर काहीतरी उघडलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. रात्री मोंबासा सोडलं, पहाटे नैरोबी. तारीख, वेळ, वॅगन नंबर, सगळं होतं.

“गाडी वेळेवर आली होती,” तो म्हणाला.

त्यात उर्मटपणा नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. खरंच आली होती. पावणेपाचशे किलोमीटर एका रात्रीत. आणि तिथून माझ्या कारखान्यापर्यंतच्या जेमतेम दहा किलोमीटरला नऊ दिवस होऊन गेले होते, आणि ते दिवस कुणाच्याच वेळापत्रकात नव्हते. तो म्हणाला, गाडी रिकामी झाली की आमचं काम संपतं, पण डबा अडकला की लोक शिव्या चिन्यांना देतात. मी त्याला कर्जाबद्दल छेडलं. “ते बँकेचं,” तो म्हणाला, “मी वॅगन मोजतो.” चहाचे पैसे मात्र त्यानं मला देऊ दिले नाहीत.

दोन वाजता डबा खाली आला.

तपासणीला आलेल्या बाई चाळिशीच्या असतील. सील तुटलं, दार उघडलं आणि फाउंड्रीचा तो ओळखीचा वास आला, जळक्या रेतीचा आणि गंजरोधक तेलाचा. वरचे भाग जुन्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेले होते. एका कागदावर महापुराचा फोटो, पाण्यात अर्धे बुडालेले ट्रक.

“ही कुठली नदी?” त्यांनी विचारलं.

“नदी नाही मॅडम. हायवे आहे.”

त्यांनी कागद जपून बाजूला ठेवला आणि मुद्द्यावर आल्या. आम्ही माल कस्टमच्या यादीतल्या ८४३७ क्रमांकाखाली दाखवला होता, म्हणजे धान्य दळायच्या यंत्राचे भाग. त्यांचं म्हणणं, हे ७३२५ कशावरून नाही? म्हणजे नुसतंच ओतीव लोखंड. कर वेगळा, फाइल वेगळी, आणि प्रकरण वर गेलं तर आणखी आठवडा. कागदं दाखवून उपयोग नव्हता, कागदांवर विश्वास नसतो म्हणून तर तपासणी असते.

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. म्झेंच्या पोराला हात लावायला सांगितला आणि गिरणीच्या पोटाचे दोन अर्धे भाग जमिनीवर ओढून एकमेकांवर ठेवले. आत चक्र बसवलं. चौफेर खिळींची भोकं. “इथं हातोडे लोंबतात,” मी सांगायला लागलो.

“आणि चाळणी या खाचेत,” त्या म्हणाल्या. खाली वाकून त्यांनी खाचेतून बोट फिरवलं. “ही खाच उथळ आहे. आमच्या गावच्या गिरणीची चाळणी इथूनच सुटायची, मग पिठात भरड यायची.”

दोन वर्षं डीलर माझ्याकडं हीच तक्रार करत होते आणि मी त्यांना चाळणी नीट बसवत नाही म्हणून झापत होतो. मी डायरी काढून तिथंच लिहून घेतलं. पुढच्या पॅटर्नमध्ये खाच चार मिलिमीटरनं खोल केली, तो बदल अजून चालू आहे. बाईंनी सही केली. ८४३७.

रिलीज झाल्यावर पैशांची रक्कम पुन्हा डोळ्यांखालून घातली. तिच्यात एक ओळ असते, रेल्वे डेव्हलपमेंट लेव्ही. तेव्हा मालाच्या जहाजभाडं-विम्यासकट किमतीवर दीड टक्का. २०१३ पासून आहे, म्हणजे रूळ पडायच्या आधीपासून. डबा रेल्वेनं आणा, ट्रकनं आणा, ती ओळ असतेच. गाडीत बसा नाहीतर बसू नका, तिकीट काढावंच लागतं. त्याच नोव्हेंबरात तिचे दोन टक्के झाले. डीलरला गिरणी विकताना मी ती किमतीत धरतो, डीलर गावच्या गिरणीवाल्याकडून वसूल करतो, आणि गिरणीवाला डोक्यावर पाच किलो मका घेऊन आलेल्या बाईकडून. बीजिंगच्या बँकेचा हप्ता कोण भरतं यावर इथल्या टीव्हीवर तज्ज्ञ तासन्‌तास बोलतात. मला ती बाई दिसते. सापळा म्हणा, मदत म्हणा, तिच्या लेखी दळणाचा भाव वाढला एवढंच.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. फतवा ऑक्टोबर २०१९ च्या सुरुवातीला स्थगित झाला. त्याच महिन्यात नैरोबीहून नैवाशाकडचा पुढचा १२० किलोमीटरचा, दीडशे कोटी डॉलरचा तुकडा सुरू झाला आणि तिथंच थांबला, कारण व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूपर्यंतच्या पैशाला एप्रिलमध्येच बीजिंगहून होकार मिळाला नव्हता. रूळ जिथं संपतात तिथल्या गावाचं नाव दुका मोजा. एक दुकान, एवढाच अर्थ. युगांडानं चिनी पैशाची वाट बघून बघून शेवटी २०२४ मध्ये त्यांच्या बाजूच्या रेल्वेसाठी तुर्की कंपनीशी करार केला.

सप्टेंबर २०२२ मध्ये रुटो राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच दिवसांत त्यांनी मालाची मंजुरी मोंबासाला परत दिली. म्झेंनी त्या दिवशी मला फोन करून नुसतंच “उमेओना?” विचारलं, पाहिलंस का? त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारनं कर्जाच्या करारांचे काही कागद उघड केले. अर्धं कर्ज २ टक्क्यांनी, अर्धं लायबोर (लंडनच्या बँकांचा आपसातला व्याजदर) अधिक ३.६ टक्के, भांडण झालं तर लवाद बीजिंगमध्ये. २०१४ ला डॉलर सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी शिलिंगांचा होता, २०२४ च्या सुरुवातीला एकशेसाठावर गेला. कर्ज डॉलरात, बाईचा मका शिलिंगात. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारनं रेल्वेची ती कर्जं डॉलरमधून युआनमध्ये फिरवून घेतली, त्यातून वर्षाला सुमारे साडेएकवीस कोटी डॉलर वाचतील असं अर्थमंत्री म्हणाले. वाचोत बापडे. माझ्या बिलावरची ती ओळ काही गेलेली नाही.

पण मी त्या सोमवारचं सांगत होतो.

डबा ट्रकवर चढायला संध्याकाळचे सहा वाजले. ट्रकचा ड्रायव्हर माझ्या जुन्या ओळखीचा होता. वीसेक वर्षं मोंबासा–नैरोबी रस्त्यावर काढलेला माणूस. पूर्वी हाच माझे डबे मोंबासाहून आणायचा. “तेव्हा आठवड्याला दोन खेपा व्हायच्या, बॉस,” तो म्हणाला. “आता या गेटासमोर आठवड्याला दोन रात्री होतात.” निम्म्या वाटेवर मतितो अंदेई लागतं. तिथं तो जेवायचा, टायर बघून घ्यायचा, झोपायचा. आता खाणावळवाली ओळखीच्या ट्रकची वाट बघत बसते म्हणाला. दहा किलोमीटरला ट्रॅफिकनं दीड तास घेतला. त्याच्या भाड्याचा हिशेब मी वाटेत मनात करून बघितला. रेल्वेचं भाडं, यार्डाचं भाडं, हे दहा किलोमीटर, आणि यापुढचं जे होतं ते. सगळं मिळून जुन्या ट्रकच्या खेपेपेक्षा बरंच वर जात होतं.

यापुढचं म्हणजे रिकामा डबा. जहाज कंपनीनं डबा भाड्यानं दिलेला असतो, तो परत करावा लागतो, आणि आमच्या जहाज कंपनीची अट होती की परत मोंबासातच. नऊ दिवस आधीच गेले होते. आता दर दिवसाला डॉलरात दंड. म्हणजे भरलेला डबा रेल्वेनं वर आला आणि रिकामा डबा ट्रकनं खाली जाणार. ज्या रस्त्यावरचे ट्रक कमी व्हावेत म्हणून एवढा उद्योग झाला, त्याच रस्त्यानं.

कारखान्यात पोरं थांबली होती. फोर्कलिफ्ट, हातगाडी, जे मिळेल त्यानं सतरा टन माल रात्री साडेदहापर्यंत उतरवला. फिटरनं पहिलं चक्र लगेच गिरणीत बसवून हातानं फिरवून बघितलं. मी खाचेकडं बघितलं. बाई बरोबर होत्या.

मोंबासाच्या डेपोत डबा आतून घाण दिसला तर धुण्याचे पैसे वेगळे कापतात. म्हणून ड्रायव्हर झाडू मागायला आला. वॉचमनकडं एकच होता. मग त्यानं झाडायचं आणि मी पुठ्ठ्यानं भरायचं, असं आम्ही दोघांनी तो वीस फुटी डबा टोकापासून दारापर्यंत काढला. कोल्हापूरची काळी रेती निघाली, चांगली दोन घमेली. वर्तमानपत्रांचा ढीग त्यानं मागून घेतला, केबिनमध्ये पायाखाली अंथरायला.

“खाली न्यायला काही माल आहे का, बॉस? निम्म्या भाड्यात नेतो.”

आमच्याकडं मोंबासाला पाठवण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यानं दाराच्या दांड्या ओढून लावल्या, एकदा हातानं हलवून बघितल्या आणि निघाला.